जपानी राखण

त्या रात्री मला झोप आली नाही ती एका साध्या प्रश्नामुळे. धार नाही म्हणजे नेमकी किती नाही?

शेजारी स्वप्नील गाढ झोपला होता. नवऱ्याच्या शब्दावर विसंबून झोपी जाणाऱ्या बायका जगात असतील, पण मी मूळची माटुंग्याची. आमच्याकडे झोपण्याआधी गॅस बंद आहे की नाही हे घरातला प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे जाऊन बघतो. स्वप्नीलने संध्याकाळी हॉलच्या भिंतीला ड्रिल मारून सोफ्याच्या वर लाकडी स्टँड बसवला होता आणि त्यावर गिरगावातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेली जपानी तलवार आडवी ठेवली होती. काळ्या लाखेचं म्यान, त्याच्यावर सोनेरी करकोचे उडताना काढलेले, मुठीवर रेशमी दोऱ्याची चौकडीची वीण, मुठीखाली परज, म्हणजे हात वाचवणारी गोल चकती, आणि म्यानाला बांधलेला लाल गोंडा. वस्तू सुंदर होती, नाही म्हणत नाही. मी फक्त एवढंच विचारलं होतं, की चार वर्षांची मुलगी असलेल्या घरात हे कशाला?

"अगं शोभेची आहे," तो म्हणाला होता. "कलेक्टर पीस. हिला धारच नसते."

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. लालबागच्या जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्ही राहतो. टेबलांच्या सगळ्या कोपऱ्यांना मी फोम चिकटवलाय, सॉकेटना बुचं लावलीत आणि कपाटांना असे खटके बसवलेत, की माझ्या सासूबाईंना साखर काढायलाही मला हाक मारावी लागते. स्वप्नील म्हणतो, आपण अजून पॅकिंगमधून बाहेरच आलेलो नाही. अशा घरात तलवार.

शेवटी मी उठले. फ्रिजमधून टोमॅटो घेतला, हॉलमध्ये गेले, म्यानातून पातं ओढलं आणि सगळा जोर लावून टोमॅटोवर फिरवलं. तो चेपला, त्यातून पाणी आलं, पण कापला गेला नाही. मी फरशी पुसली आणि निवांत झोपले. शिकलेल्या बाईने शास्त्रशुद्ध खात्री करून घेतली होती.

खरी चूक पुढेच झाली. आणि ती तलवारीची नव्हती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. सासूबाईंनी पाटावर विळी, हातोडी, माझ्या सासऱ्यांचा गिरणीतला पाना, शिलाई मशीनची कात्री आणि स्वप्नीलचा लॅपटॉप मांडला. हत्यार म्हटल्यावर तलवार आलीच. तिला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. मग लवूकाका गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. काका म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी निरनिराळ्या सोसायट्यांच्या गेटवर वॉचमनकी केली. सासरे गेल्यापासून देवापुढचं मागणं तेच मागतात आणि आम्ही मागे उभे राहून होकार भरतो.

"बा म्हाराजा," काकांनी हात जोडले.

"व्हय म्हाराजा," आम्ही.

"आज नवमीच्या दिवशी तुझी लेकरां ही हत्यारां मांडून तुझ्या फुडे उभी हत…"

"व्हय म्हाराजा."

विळीचं झालं, पान्याचं झालं, लॅपटॉपचं झालं. तलवारीपाशी काका अडले. "हिचो देव खयचो रे?"

"जपानचा," स्वप्नील म्हणाला.

"म्हंजे लांबचो." काकांनी आवाज चढवला. "बा जपानच्या म्हाराजा, हिचो जो कोण धनी आसात, तेनी ह्या घरात ऱ्हवान ह्या चेडवाची राखण करूची…" आणि त्यांनी माझ्या मुलीच्या, मनूच्या, डोक्यावर हात ठेवला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"काका," मी हळूच म्हटलं, "टोकदार वस्तूंचं पण सांगा ना."

"जां कायतां धारेचा, टोकाचा, तेच्यापासून हिका सांभाळूचा…"

"आणि गरम वरण. गरम पाणी."

"जां कायतां कढत…"

"खिडकी, काका."

सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "बस कर गो. देवाक धाप लागतली."

पण मला थांबवेना. आयुष्यात प्रथमच कोणीतरी माझ्या काळज्या शांतपणे ऐकून त्या पुढे पाठवत होतं. "आणि कोणी तिला रडवलं तर," मी म्हटलं, "त्याचंही काहीतरी."

"जो कोण ह्या चेडवाक रडवीत, तेचो तू भायल्या भायर बंदोबस्त कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," म्हणताना सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सासूबाई बोंबील कापायला बसल्या आणि विळी बोंबलाच्या अंगावरून नुसतीच फिरत राहिली, मालिश केल्यासारखी. त्या खाली जाऊन धारवाल्याकडून विळी घासून घेऊन आल्या. त्याने त्यांच्यासमोर कागद कापून दाखवला होता. घरात आणली, तर विळी पुन्हा बोथट. मग सुऱ्या गेल्या. मग कात्री. मिक्सरमध्ये चटणी वाटेना, नारळाच्या फोडी जशाच्या तशा गरगरत राहायच्या. स्वप्नीलची दाढी वाढू लागली, कारण कुठलंही ब्लेड त्याच्या गालावरून लोण्यासारखं घसरायचं. मनूच्या रंगीत पेन्सिलींची टोकं गोल झाली. सेफ्टी पिन साडीत शिरेना. आमच्या उंबऱ्याच्या आत धार म्हणून टिकेना.

खरं सांगू? मी मनातून सुखावले होते. सासूबाई टोमॅटो हाताने कुस्करत होत्या, नवरा ऑफिसात साधू म्हणून ओळखला जाऊ लागला होता आणि मी गेल्या चार वर्षांत प्रथमच मनूकडे पाठ करून भांडी घासत होते.

मग पाणी. मनू बाथरूममध्ये पाऊल टाके आणि बादलीतलं वाफाळतं पाणी त्या क्षणी कोमट होई. तिच्या ताटातलं वरण वाढता वाढता निवायचं. बेडरूमची खिडकी उघडेनाशी झाली. आणि दुपारी, घर सामसूम झालं की लवंगेचा वास यायचा. मालवणी घरात लवंगेचा वास ही काही बातमी नव्हे, त्यामुळे बरेच दिवस कोणी लक्ष दिलं नाही. स्वप्नीलच एकदा सहज बोलून गेला, की जपानी तलवारी गंजू नयेत म्हणून लवंगेचं तेल लावून ठेवतात.

"तू लावलंस?"

"नाही. मी कशाला लावू? ही शोभेची आहे."

त्या दुपारी मनू झोपली होती. मी तिला पाहायला गेले, तर पांघरूण तिच्या हनुवटीपर्यंत ओढलेलं होतं आणि कडेने असं चापूनचोपून खोचलेलं, की पाकिटात घातल्यासारखी दिसत होती. आमच्या घरात असं कोणी खोचत नाही. पलंगाखाली ठेवलेल्या तिच्या बुटांच्या नाड्यांना एक बारीक, सुबक गाठ होती. तलवारीच्या गोंड्याला होती तशीच.

ती उठल्यावर मी विचारलं, "हे कोणी बांधलं गं?"

"त्याने."

"कोणी?"

तिने सोफ्याकडे बोट दाखवलं. तलवारीखालची जागा. "तो दादा. बसलाय ना."

सोफ्यावर कोणी नव्हतं. फक्त उशी मधोमध दबलेली होती.

सासूबाईंनी हे ऐकलं आणि त्यांना काडीचंही नवल वाटलं नाही. त्या दिवसापासून त्या सोफ्याच्या त्या कोपऱ्यात बसेनाशा झाल्या आणि तिथे चहाचा कप ठेवू लागल्या. "राखणदार तो. उपाशी कसो ठेवूचो?" चहा कोणी पीत नसे. पण तो थंडही होत नसे. संध्याकाळी उचलायला जावं तर कपातून वाफ येत असायची.

आणि मग, सगळं इतकं सुरळीत चाललेलं असताना, मला तो विचार सुचला. मला असे विचार सुचतात, तो माझा स्वभाव आहे. घरातली सगळी धार गेली, हे ठीक. पण गेली कुठे?

मी टोमॅटो घेतला. हॉलमध्ये गेले. म्यानातून पातं बोटभरच ओढलं. या वेळी ते आवाजही न करता आलं. मी टोमॅटो त्याच्यावर नुसता टेकवला. दाबला नाही, फिरवला नाही. क्षणभर काहीच झालं नाही. मग टोमॅटोची अर्धी बाजू माझ्या हातातून सुटली आणि जमिनीवर पडली.

विळीची, सुऱ्यांची, वस्तऱ्याची, प्रत्येक सुईची धार तिथे साठत होती.

पुढच्या रविवारी स्वप्नील मित्रांकडे गेला होता आणि सासूबाई हिंदमाताला साड्या बघायला. भर दुपार. पडदे ओढलेले. खाली कुठेतरी हातोड्याचे ठोके पडत होते, तेही थांबले. मी मनूला न्हाऊ घालून सोफ्यासमोर बसवलं आणि तिचे केस विंचरायला घेतले. मनूचे केस म्हणजे काथ्या. पहिल्या गुंत्याला ती म्हणाली, "आई, दुखतं."

"झालंच हं."

दुसऱ्या गुंत्याला तिचा खालचा ओठ बाहेर आला.

टक.

आवाज बारीक होता. अंगठ्याने एखादं झाकण सैल करावं तसा. मी वर पाहिलं. परज आणि म्यान यांच्यामध्ये पात्याची एक चमकती रेघ दिसत होती.

मला वाटलं, लाकूड फुगलं असेल. मी पुन्हा कंगवा घातला. मनूचे डोळे भरले. वरून एक सावकाश, लांबलचक आवाज आला… रेशमावरून रेशीम ओढावं तसा… आणि लवंगेचा वास इतका दाटला, की घशाला झणझणलं.

"मनू," मी कुजबुजले, "राजा, रडायचं नाही हं. आपण चॉकलेट खाऊ या. आत्ता खाऊ या."

"जेवायच्या आधी?"

"जेवणाऐवजी."

ओठ आत गेला. पातं आत गेलं. मी जपून श्वास सोडला आणि उठायला म्हणून जमिनीवर हात टेकला, तर हाताला काहीतरी मऊ लागलं. माझ्या वेणीचं टोक होतं, रबरबँडसकट. पार्लरमध्येही इतकं सरळ कापत नाहीत.

बंदोबस्त कर, असं मीच सांगितलं होतं. आणि मनूला सगळ्यात जास्त कोण रडवतं? शेजारची मुलं नव्हेत. नखं मी कापते, नाकात ड्रॉप मी घालते, टीव्ही मी बंद करते. मी माझ्यावरच राखण बसवून घेतली होती.

पुढचे काही दिवस आमच्या घरात मनूचं राज्य होतं. ती म्हणेल तेव्हा जेवण, ती म्हणेल ते. शाळेला दांडी. स्वप्नीलला मी वेणी दाखवली, तर तो म्हणाला, "दमट हवेने लाकूड हलतं गं. आणि वेणी तूच कशात तरी अडकवली असशील." घरात जी बाई सॉकेटना बुचं लावते, तिच्या साक्षीला वजन नसतं.

मग मनूला ताप आला.

संध्याकाळी डॉक्टरांनी औषध दिलं, कडू. एरवी मी मांडीत घट्ट धरून, नाक दाबून पाजते. ती रडते, मीही रडते, पण औषध पोटात जातं. आता मी चमचा भरला, मनूने तोंड वाकडं केलं आणि वरून टक. मी चमचा खाली ठेवला. साखर घालून बघितलं, मध घालून बघितलं. ती प्रत्येक वेळी तोंड वाकडं करायची आणि प्रत्येक वेळी टक. ताप चढत होता. तिचं कपाळ तव्यासारखं झालं होतं, आणि आजार ना धारेचा ना टोकाचा, त्यामुळे त्याच्याकडे वर कोणाचं लक्षच नव्हतं.

"दे इकडे," स्वप्नील म्हणाला. "तुम्ही बायका उगाच…"

त्याने मनूला धरलं. तिने भोकाड पसरायला तोंड उघडलं. मला फक्त हवेची एक झुळूक जाणवली. पुढच्या क्षणी स्वप्नीलच्या शर्टाची सगळी बटणं एकदम जमिनीवर पडली आणि टपटपत सोफ्याखाली गेली. छातीवर ओरखडाही नव्हता. मनूला हसू आलं. स्वप्नीलने उघड्या शर्टाच्या दोन्ही कडा हातांनी जुळवून धरल्या.

"हे…" तो म्हणाला. "हे रिटर्न करू या."

पण तलवार उचलेना. सासूबाई फडका मारताना एका हाताने उचलायच्या ती तलवार. पण बाहेर न्यायची म्हटलं की स्टँडला चिकटून बसायची. स्वप्नीलने दोन्ही हात लावले, मग मी त्याची कंबर धरून ओढली. शेवटी सासूबाईंनी आम्हाला बाजूला केलं, फडका मारून दाखवला आणि लवूकाकांना फोन लावला.

काका सकाळी आले. सोफ्यापासून लांब, दाराजवळच्या स्टुलावर बसले.

"काका, तुम्ही ठेवलात, तुम्हीच घालवा," मी म्हटलं.

"मी नाय ठेवलंय. यादी कोणाची होती?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जरा मऊ झाले. "बघ, मी आख्खा आयुष्य गेटावर काढलंय. वॉचमन काय आपल्या मनान जागा सोडीत नाय. तेका सुट्टी देवची लागता. आणि ती जेची राखण आसा तेनाच देवची."

"म्हणजे मनूने? हे नक्की का?"

"नक्की कसा सांगू? जपानी वॉचमन मी पयल्यांदाच ठेवलंय."

बाराच्या ठोक्याला आम्ही उभे राहिलो. पाटावर नारळ, विडा, चहाचा कप. मनू माझ्या कडेवर, शालीत, अंग चटका बसेल असं तापलेलं. मी तिला वाक्य पढवून ठेवलं होतं: राखण पुरे झाली, आता तू घरी जा. ती ते तापात पुटपुटतच होती. पंखा आपोआप मंदावला. लिफ्टचा एरवी सतत येणारा घरघराट बंद झाला. खिडकीच्या गजावर एक कावळा येऊन बसला आणि ओरडला नाही.

"बा जपानच्या म्हाराजा," काकांचा आवाज आज बसलेला होता, "ऱ्हवली चुकली पदरात घे. ह्यां चेडू काय सांगता तां आयक…"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. कोणाचाच आवाज मोठा नव्हता.

"बोल, राजा," मी मनूच्या कानात म्हटलं.

"राखण पुरे झाली," मनू सोफ्याकडे बघून म्हणाली. "आता तू घरी जा हां."

काहीच झालं नाही. मग सोफ्यावरची उशी… हळूहळू… फुगून वर आली. आणि तलवारीने एकदाच टक केलं. या वेळी पातं आत बसल्याचं.

मी थांबले नाही. चमचा तयार होता. मनूचं नाक दाबलं आणि औषध घशात ओतलं. तिने जे भोकाड पसरलं, ते खाली लालबागच्या नाक्यापर्यंत गेलं असेल. आम्ही सगळे श्वास रोखून तलवारीकडे बघत होतो आणि पोर मनसोक्त रडत होती. बटण पडलं नाही. केस पडला नाही. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "रड गो बाय," त्या म्हणाल्या, "रड."

स्वप्नीलने भीत भीत हात पुढे केला. तलवार वर्तमानपत्राच्या गुंडाळीसारखी उचलली गेली. त्याने ती चादरीत घेतली, काकांनी दार उघडलं. तो उंबऱ्यापाशी पोचला आणि तिथेच थांबला. त्याचे हात सावकाश खाली जाऊ लागले. मानेच्या शिरा फुगल्या. पिंपळाएवढं काही उचलून धरल्यासारखा तो वाकत गेला आणि शेवटी त्याने तलवार दारातच, उंबऱ्याच्या आत, अलगद टेकवली.

"जाईना," तो म्हणाला.

"सुट्टी दिली ना पण," मी काकांना म्हटलं.

मनूचं रडणं मध्येच थांबलं होतं. ती तलवारीकडे बघत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून मागे, माझ्याच उंचीला, कोणाकडे तरी बघत होती, मोठी माणसं बोलत असताना लहान मुलं बघतात तसं. लवंगेचा वास माझ्या मानेजवळून येत होता. मी मागे वळले नाही.

"मनू," मी हळूच विचारलं, "काय झालं गं? जात का नाही तो?"

तिने आधी समोरचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग नाक ओढून म्हणाली,

"तो जातो म्हणतोय. पण त्याची आई नको म्हणतेय. बाहेर खूप गाड्या आहेत म्हणे."